दोन टक, मग एक

ता. ६ जानेवारी

ती. अक्कांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र शनिवारी पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा आपलं हे कागदाचंच बरं. सातवी नापासाचं अक्षर आहे, सांभाळून घ्या. तुमचे गुडघे कसे आहेत? माझा उजवा डोळा कामातून गेला. तेवीस तारखेला मोतीबिंदू काढणार आहेत. डोळ्यात हत्यार घालतात आणि माणूस जागा असतो म्हणे. मला आतापासूनच घाम फुटतो.

बाकी सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे, पण उगाच खोटं कशाला लिहू? या घरात कोणीही खुशाल नाही. त्याचं कारण वीतभर आहे आणि या क्षणी माझ्या चपलेत ओलं बिस्किट कोंबत बसलं आहे.

नातीला दोन वर्षं पुरी व्हायला अजून दोन महिने आहेत. सूनबाई तिला सोनू, बबू काय काय म्हणते. मी तिला भोंगा म्हणतो. कारखान्याचा भोंगा निदान रविवारी तरी गप्प असतो. ही बारा महिने तेरा काळ पहाटे चारला दहा कमी असताना वाजते. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. आधी खुडबुड, मग "आबा! आबा!", मग दूध, दूध नाही मिळालं की बोंब. सगळी इमारत दात ओठ खात उठते. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेने परवा जिन्यात मला गाठलं. म्हणाली, "काका, तुमच्याकडे पहाटे कोणाला मारतात का?" मी म्हटलं, "बाई, आम्हालाच मारतात."

लहान मूल म्हणजे फुलासारखं असतं, असं कोण म्हणतं त्याला इथे आणून बसवा. दुधाचा आंबूस वास, नाकातून वाहणारं ते हिरवं, सगळ्या दारांच्या कडांना चिकटपणा. हात लावीन तिथे काहीतरी हाताला लागतं. माझी कवळी ठेवायचा पेला असतो ना, त्यात काल हात बुडवून बसली होती. मी धावलो तर तीच बोटं चोखायला लागली. कवळी घासून घासून धुतली तरी तोंडात घालवेना. दुपारपर्यंत बोळका बसलो होतो.

तिचा बाप, म्हणजे आमचे चिरंजीव, फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करतो. तो झोपला की तोफ डागली तरी उठायचा नाही. सगळं सूनबाईवर येतं. तुम्हाला माहीतच आहे, ती बस चालवते. दुपारी दोनला ड्यूटी सुरू, रात्री अकराला डेपोत गाडी लावायची, घरी येऊन दोन घास खाऊन पाठ टेकेपर्यंत साडेबारा. आणि चारला दहा कमी असताना हा भोंगा. तीन तास झोप झाली का, अक्का? तीन तासांच्या झोपेवर साठ माणसांची गाडी हाकायची? मागच्या आठवड्यात डेपोच्या फाटकाला आरसा घासला. साहेबाने समज दिली आहे. परत झालं तर गाडीवरून उतरवतील. ती नोकरी तिने काय खटपटी करून मिळवली आहे ते मी पाहिलं आहे. मला काळजी खायला उठते.

मी काय, चाळीस वर्षं बेकरीत काढली. चारला दहा कमी हीच माझी उठायची वेळ होती. अजूनही तेव्हा डोळा उघडतोच. पण एकदा तिचा आवाज ऐकला की मी परत झोपतो. दुपारी ती झोपते तेव्हा मीही लवंडतो. मरण सूनबाईचं.

खिडकीला जाड काळे पडदे लावून झाले. रात्री उशिरा झोपवून पाहिलं. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी एक वही करायला सांगितली आहे, रोज कधी उठली ते लिहायचं. वहीत काय लिहायचं? ३.५०, ३.५०, ३.५०, ३.५०. इतकी वेळेवर तर सूनबाईची बससुद्धा येत नाही.

तुम्ही परत त्या दिवसाचं विचारलंत. मागेच लिहिलं होतं, तेच. तुमची बहीण उठली, चहा केला, मी प्यायलो, निघालो. दारात म्हणाली, "मफलर घ्या." वेगळं काय लिहू?

गुडघ्यांना शेक घेत जा.

तुमचा मेहुणा


ता. ३० जानेवारी

ती. अक्कांस सा. न.

डोळा झाला. दोन रात्री दवाखान्यात ठेवलं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रात्रभर अशा जागेवरून आवाज काढत होता की लिहायची सोय नाही. जेवणाला औषधाचा वास आणि औषधाला जेवणाचा. आता दिसतं स्वच्छ, पण दिसून काय फायदा? घरी आल्यावर पहिलं काय दिसलं तर भिंतीवर कोपरापर्यंतच्या उंचीवर नातीच्या बोटांचे ठसे, आणि आरशात माझं तोंड. इतका ओंगळ दिसतो हे चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

आता ऐका काय झालं ते. सूनबाईने भोंग्याच्या खोलीत एक यंत्र ठेवलं आहे. तिकडचा आवाज इकडे तिच्या उशाशी ऐकू येतो. तर त्यात मूल उठायच्या आधी टकटक ऐकू येते. दोन टक, थोडं थांबून एक टक. चिरंजीव म्हणाले, "उंदीर." सूनबाई म्हणाली, "उंदीर मोजून वाजवतो का?" मग ठरलं की पाइप. माझी खोली आणि तिची खोली यांच्यामध्ये एकच पातळ भिंत आहे, माझा पलंग अलीकडे, तिचा पलीकडे, आणि भिंतीतून न्हाणीघराचा पाइप वर जातो. नळदुरुस्तीवाल्याला बोलावलं. मी तेव्हा दवाखान्यात होतो. तो म्हणाला, "हवा अडकते, बाई. पहाटे पाणी चढलं की पाइप ठोके देतो." त्याने काहीतरी पिळलं आणि काय चमत्कार! दोन्ही दिवस पोरगी साडेसहापर्यंत झोपली. सूनबाई सांगत होती, पहिल्या दिवशी तिला वाटलं मूल आजारी पडलं. मग जाऊन परत झोपली. मी घरी आलो तर तिचा चेहरा निराळाच. गालांवर रंग. मला म्हणाली, "आबा, डोळा काय म्हणतो? मी तुमच्यासाठी शिरा... नको, तुम्हाला गोड चालत नाही. थांबा, अंडं करते." गुणगुणत होती. मी तिला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

आणि मी आलो त्याच्या दुसऱ्याच पहाटे पुन्हा ३.५०.

नळवाला परत आला. या वेळी छिन्नी हातोडा घेऊन. "मुळापर्यंत जायला पाहिजे," म्हणाला. माझ्या पलंगाच्या वरची हातभर भिंत फोडली. सिमेंटची धूळ पांघरुणात, चहात, माझ्या नव्या डोळ्यात. आतून तो पाइप निघाला, बुरसटलेला, घाम आलेला, पोटातल्या आतड्यासारखा. पाहून शिसारी आली. नळवाला त्याला कान लावून बसला अर्धा तास. "आत्ता गप्प आहे," म्हणाला. "चोर आहे लेकाचा." मी खुर्चीत बसून होतो. चहा पाजला त्याला. दोनदा.

दुसरं काही नाही. भोंगा आता पाव वाजवायला शिकली आहे. मी शिकवलं. पाव उलटा धरायचा, बुडावर बोटाच्या पेराने टकटक करायचं. पोकळ आवाज आला तर आतून भाजला, बद्द आला तर कच्चा. आमच्या उस्तादाने मला शिकवलं होतं. ती पाव कानाशी धरते आणि मान डोलावते जशी काही चाळीस वर्षं भट्टीवर होती. मग त्याच पावाला थुंकी लावून माझ्या गुडघ्याला चिकटवते.

तुम्ही लिहिता, येत्या वीस तारखेला तिला जाऊन चार वर्षं होतील आणि तुम्ही सगळ्यांना सांगता की माझी बहीण नवऱ्याला चहा देऊन, हसत गेली. होय. हसली होती. म्हणाली होती, संध्याकाळी लवकर या.

डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली.

तुमचा मेहुणा


ता. १७ फेब्रुवारी

ती. अक्कांस,

नमस्कार घ्या आणि बसून वाचा. हे पत्र सूनबाईने लिहायला सांगितलं आहे. ती समोर बसलेली नाही, पण सांगितलं आहे.

नऊ तारखेला संध्याकाळी तिची गाडी खांबावर गेली. मोठं नाही झालं. ब्रेक लागला, पण उशिरा. पुढची काच तडकली, एका म्हातारबांच्या कपाळाला टेंगूळ आलं. साहेबाने विचारलं, "काय झालं?" तिने सरळ सांगितलं, "डोळा लागला." खोटं बोलता आलं असतं. ब्रेक सैल होता म्हणता आलं असतं. तिने नाही म्हटलं. तिला गाडीवरून उतरवून तिकिटांच्या खिडकीत बसवलं आहे, आणि चोवीस तारखेला चौकशी आहे. त्यात ठरेल, गाडी परत द्यायची की कायमची काढायची.

त्या रात्री ती घरी आली, तिने गणवेश धुतला, वाळत घातला आणि त्याच्याकडे पाहत उभी राहिली. मी पाणी प्यायला उठलो होतो. मला म्हणाली, "आबा, झोपा ना तुम्ही. तुम्हाला तरी झोप मिळू दे." मला स्वतःची इतकी घाण वाटली की पेला तसाच ठेवून आत गेलो.

काय घाण वाटली ते आता सांगतो. मागचं सगळं पुसून टाका, अक्का. ती पोरगी आपोआप उठत नाही. पाइप वाजत नाही. मी वाजवतो.

दसऱ्या दिवाळीचं काय ते मला आठवत नाही, पण थंडी सुरू झाली तेव्हा तिला त्या खोलीत एकटं झोपवायला लागले. मी नेहमीसारखा चारला दहा कमी असताना जागा झालो. पलीकडे काही आवाज नाही. श्वास नाही, कूस नाही, काही नाही. मी अंधारात पडून राहिलो आणि माझ्या हातापायांना मुंग्या आल्या. मग मी पेराने भिंतीवर टकटक केलं. दोन, मग एक. पावाला करतो तसं. भाजला आहे की नाही. आत आहे की नाही.

पलीकडून लाथ आली. मग टक. मग टकटक. मग "आबा!"

अक्का, मला इतकं बरं वाटलं की मी कूस वळवली आणि झोपलो. सूनबाई उठली, दूध गरम करायला गेली, पोरगी रडत होती, आणि मी पांघरूण डोक्यावरून घेऊन घोरल्यासारखं करत होतो. घोरता घोरता खरंच झोपलो. तेव्हापासून रोज. रोज पहाटे ठरवायचो, आज नाही. हात मांडीखाली दाबून पडायचो. पण ती शांतता फुगत जायची, फुगत जायची, कणकेसारखी, आणि शेवटी हात निघायचाच. आणि दिवसा मी त्याच पोरीच्या नावाने बोटं मोडायचो. तुम्हाला पत्रातून तक्रारी करायचो. नळवाल्याने भिंत फोडली तेव्हा त्याला चहा पाजत होतो. किळस म्हणजे काय ते मला कवळीच्या पेल्यात शोधायला नको होतं.

परवा सकाळी त्यांनी ठरवलं, चौकशी होईपर्यंत भोंग्याला सूनबाईच्या आईकडे पाठवायचं. कदाचित पुढेही, शाळेत घालेपर्यंत. म्हणजे झोप होईल, नोकरी राहील. सूनबाई माझ्याच पलंगावर बॅग उघडून तिचे कपडे भरत होती. इतकेसे मोजे. नाक सारखं पुसत होती. भोंगा बॅगेच्या झाकणाशी उभी होती. तिने झाकणावर टक टक केलं, थांबली, मग एक टक. आणि कान लावला. मग भिंतीकडे गेली, जिथे नळवाल्याने भोक पाडलं आहे तिथे, आणि तिथे वाजवलं. दोन, मग एक. आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "आबा, तू."

सूनबाईच्या हातात मोजा तसाच राहिला.

मी म्हटलं, "मी वाजवतो."

"काय?"

"भिंत. पहाटे. रोज. ती नाही उठत. मी उठवतो."

तुम्हाला वाटेल ती रडली असेल नाहीतर म्हणाली असेल, जाऊ दे आबा, वय झालं. तसलं काही नाही. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "चार महिने?" मी मान हलवली. "चार महिने मी वेड्यासारखी पडदे शिवते आहे. डॉक्टरकडे जाऊन वही दाखवते आहे. डॉक्टर मला विचारतात, घरात भांडणं होतात का, तुम्ही मुलाला वेळ देता का. मी स्वतःलाच खात होते, आबा. मी बस ठोकली! ते म्हातारे गृहस्थ मेले असते तर?" मी म्हटलं, "डेपोत येतो. साहेबापुढे सांगतो, चूक माझी." ती म्हणाली, "काय सांगणार? सासऱ्याने भिंत वाजवली म्हणून खांब पुढे आला? गप्प बसा."

तिने हातातला मोजा बॅगेत टाकला. मग तिने विचारलं, "पण का?"

आणि मी तिला सांगितलं, जे तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हालाच काय, माझ्या मुलालाही नाही.

त्या दिवशी चहा नव्हता, अक्का. मफलर नव्हता. ती हसली नाही. मी नेहमीसारखा अंधारात उठलो. दिवा लावला की ती चिडायची, "एकाने झोप मोडून घेतली तेवढी पुरे नाही का?" म्हणायची. म्हणून चाळीस वर्षं मी दिवा न लावता, चपला हातात घेऊन घराबाहेर पडलो. मला त्याचा अभिमान होता. त्या दिवशी जाताना तिच्या पायांवरचं पांघरूण सरकलेलं लागलं. पाय गार होते. मी म्हटलं, थंडीचे दिवस. पांघरूण नीट खोचलं आणि गेलो. भट्टी पेटवली. चारशे पाव काढले, एकेकाला वाजवून. एकही कच्चा निघाला नाही. साडेनऊला शेजारीण धावत आली.

डॉक्टर म्हणाले, रात्री दोनच्या सुमाराला. म्हणजे मी उठलो तेव्हा ती दोन तास गेलेली होती. मी तिचे पाय झाकले आणि कामाला गेलो.

सगळे जमले तेव्हा तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "काही बोलली का हो?" माझ्या तोंडून निघालं, चहा केला. तुमच्या तोंडावर असं काही उमटलं की मला ते मागे घेता येईना. मग तुम्ही दर पत्रात विचारायला लागलात आणि मी दर पत्रात घालत गेलो. मफलर घातला. हसणं घातलं. एका खोट्याला भूक लागते, अक्का, त्याला रोज काही घालावं लागतं.

सूनबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशींना सांगितलंत?"

"नाही."

"चार वर्षं त्या तुमचा चहा सगळ्यांना वाटताहेत. आधी त्यांना लिहा. माझ्याशी नंतर बोला. आणि उठा आता, पलंगाचं ते टोक धरा."

आम्ही दोघांनी पलंग ओढत बाहेरच्या खोलीत आणला, दाराशी. एक पाय मोडका आहे, त्याखाली वीट लावली. बॅगेतले कपडे तिने परत फडताळात ठेवले. अजून माझ्याशी धड बोलत नाही. ताट वाढते, बाजूला ठेवते. बरोबर आहे. चिरंजीवांना तिने सांगितलं की नाही कळत नाही; तो माझ्याकडे न बघता पॉलिशचे हात धूत बसतो. चौकशीत काय होईल माहीत नाही. मी डेपोच्या साहेबाला वेगळं पत्र लिहिलं आहे. तिने ते वाचलं आणि फाडलं नाही. एवढंच.

काल रात्री झोपायला जाताना एकच बोलली. "भीती वाटली तर आत येऊन बघा. वाजवायचं नाही. बघायचं आणि जायचं."

चारला दहा कमी असताना मी गेलो. चपला हातात. दार उघडंच ठेवलं होतं तिने. नवीन डोळ्याने अंधारात बरं दिसतं. पोरगी पालथी पडली होती, लाळेने उशी भिजलेली, आणि पाठ वर जात होती, खाली येत होती, वर जात होती. फुगायला ठेवलेल्या कणकेला हात लावायचा नसतो, नुसतं बघायचं असतं, हे मी पहिल्या महिन्यात शिकलो होतो. किती वेळ उभा होतो माहीत नाही. तिचे पाय उघडे होते. मी पांघरूण घातलं नाही. आधी पायाला बोट लावून पाहिलं. गरम होते.

आज ती पावणेसातला उठली. मी मात्र साडेपाचपर्यंत टक्क जागा होतो. माझं मी बघीन.

वीस तारखेला तुम्ही लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी इतकंच सांगू शकतो की तिच्या चेहऱ्यावर त्रास नव्हता. ते शेजारणीने सांगितलं. मी दिवा लावला नव्हता.

तिच्या गार पायांवर पांघरूण खोचून कामाला गेलेला,
तुमचा मेहुणा